खाकी लोकरीचा दुसरा मोजा

न्हाय न्हाय न्हाय, पावणं, ती पुडी आधी खिशात घाला! घाला म्हणतो न्हवं! अवो, दवाखाना हाय ह्यो… आन ते भिंतीवरचं बोर्ड सोडा, बोर्डाला कोण विचारतंय, माझ्या डोळ्याम्होरं नको एवढंच म्हणणं हाय. तुम्ही पुडी काढली, चुन्याची डबी उघडली, आन हितं माझ्या डाव्या हाताचा तळवा आपोआप पसरला! हे बघा, पसरलाच की! त्यो मिटवायला दुसरा हात लावावा लागला, आन दुसऱ्या हातात ह्या चार सुया, सुटला न्हवं टाका! आता ह्यो सुटलेला टाका हुडकून वर घेईपर्यंत तुम्ही काय बोलू नका. मी बोलतो.

हां. सापडला. बसा. कुठलं म्हणायचं तुम्ही? कळंब्याचं? सूनबाई आत हाय व्हय? आमची लेक आत हाय, निशिगंधा. सकाळी दूध तापवता तापवता पोटात कळ आली, रिक्षात घातली, आणली, तवापास्नं आतनं कोण काय सांगंल तर शपथ. नर्सबाईला विचारलं तर म्हणती, ‘आजोबा, पहिलटकरीण हाय, येळ लागतोय, बसा.’ बसा! मी काय उभा ऱ्हायलोय व्हय? बसलोयच की सकाळधरनं! पण बूड बाकड्यावर बसतंय ओ, काळीज कुठं बसतंय?

तुम्ही मघापास्नं माझ्या हाताकडं बघताय. बघा, लाजू नका, त्या कोपऱ्यातल्या पोरांनी तर मोबाईलवर शूटिंग केलंय माझं. बाळाचा मोजा हाय. खाकी. दुसरा. पहिला ह्या पिशवीत तयार हाय, धुऊन, उन्हात वाळवून, घडी घालून. दुसऱ्याची टाच वळून झाली, तळवा झाला, फकस्त बोटं झाकायची ऱ्हायल्यात… आन लोकर बघा. वीतभर. वीतभर लोकरीत बाळाची बोटं झाकतील? करंगळीबी झाकत न्हाय! तुम्हास्नी सांगतो पावणं, उरलेल्या लोकरीचा धर्मच ह्यो… पहिल्याला पुरती, दुसऱ्याला सरती!

आता म्हणाल, ह्या मिशीवाल्याच्या हातात सुया दिल्या कुणी? ऐका. मी बाळासो. सिटी बसवर ड्रायव्हर हुतो, आख्खा जन्म त्यात गेला. उजव्या हातात स्टिअरिंग, डाव्यात तंबाखू, हात रिकामा कसा असतोय ते मला ठावंच न्हवतं. रिटायर झालो, स्टिअरिंग गेलं. तंबाखू ऱ्हायली. मग लेकीला दिवस गेलं, सातव्या महिन्यात म्हायेरी आली, आन दारातच, बॅग खाली ठेवायच्या आधी, नाक वर करून, ‘पप्पा, स्पष्ट सांगते. वास येतोय. तंबाखूच्या हातानं माझ्या बाळाला शिवायचं न्हाय. लांबनं बघायचं.’ लांबनं! अवो आजा हाय मी, का रंकाळ्यावर फिरायला आलेला टुरिस्ट, लांबनं बघून फोटो काढून जायला?

आन तिचं नाक म्हणजे साधं न्हवं. लहानपणापास्नं तसलं. वरच्या मजल्यावर फोडणी कशाची पडली ते हितनं सांगायची, त्यात आता पोटुशी! मी तोंड धुवून, बडीशेप खाऊन, अंगाला पावडर लावून गेलो तरी म्हणायची, ‘पप्पा, पावडरच्या खालनं येतोय.’ मग काय, गणपती गेलं आन त्यांच्या पाठोपाठ माझी चुन्याची डबी गेली. सोडली. एका झटक्यात. आपण तालमीतलं गडी, एकदा म्हणलं न्हाय म्हणजे न्हाय!

पण तोंडाचं भागतंय ओ. लवंग चघळली, आवळासुपारी चघळली, भागतंय. हाताचं काय करायचं? टीव्ही बघता बघता अंगठा आपला तळव्यावर फिरतोय… रिकामाच! जेवता जेवता भाकरीचा तुकडा मळला. परीटघडीच्या शर्टाची बटणं मळली. एकदा तर देवाम्होरं बसलो आन चिमटीतला अंगारा मळला, मळला, वर दोन थापट्या मारल्या, आन ओठाखाली ठेवणार… तेवढ्यात आमची मंडळी वराडली, ‘अवो, देवाचं तरी सोडा!’ त्याच दिवशी तिनं ट्रंकेतनं सुया काढून माझ्या हातात दिल्या. म्हणली, ‘हाताला काम लावा न्हायतर येड लागंल तुम्हास्नी. आन तुमच्याआधी मला.’

वर आन एक कलम. ‘बाळाचं मोजं विणा, पण नवी लोकर आणायची न्हाय. बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्या नावानं नवं काय उंबऱ्याच्या आत आणत नसत्यात. जुन्यातनं, उरल्यासुरल्यातनं करायचं.’ तुमच्यातबी हाय न्हवं ही पद्धत? असणारच. पहिलं दुपटं जुन्या लुगड्याचं, पहिलं झबलं कुणाच्या तरी वापरलेल्या धोतराचं, मऊ असतंय, बाळाला टोचत न्हाय. कबूल. पण एका लुगड्यात दुपटी हुत्यात चार, आन उरलेल्या लोकरीत मोजा हुतोय एक! ही अडचण पद्धत घालून देणाऱ्या म्हाताऱ्यांच्या ध्यानातच आली न्हाय. त्यांस्नी काय, त्या काळात मोजं कोण घालत हुतं!

आतनं आवाज आला का? आला न्हवं? …न्हाय, स्ट्रेचरचं चाक हाय. तेल घालाय पायजे त्याला.

तर काय सांगत हुतो… शिकलो. चार सुया एकदम धरायच्या म्हणजे साळिंदर धरल्यागत ओ, कुठनं बी टोचतंय! पण खोटं कशाला बोलू, मजा याय लागली. टाच वळवायची असती न्हवं, तितं वळ, म्हणजे टाक्यांची ओळ, पुरी विणायची न्हाय, अर्ध्यातनंच माघारी फिरायचं, परत जायचं, परत थोडं अलीकडनं माघारी. मंडळी तासभर समजावत बसली. म्हणलं थांब, कळलं, शेवटच्या स्टॉपला न जाता मधनंच गाडी फिरवायची, एवढंच न्हवं? आख्खी नोकरी तेच केलंय! आन त्यो सपाट तुकडा अचानक असा वाकतोय, टाच हुती त्याची… मी तर पहिल्यांदा टाळीच वाजवली. सुया खाली पडल्या, टाकं सुटलं, पण वाजवली.

माप कुठनं आणायचं? मंडळी म्हणली, अंगठ्यावर बसला की बाळाच्या पायाला बसतोय. ह्यो माझा अंगठा. बघा. क्लच-गिअरवर आन तंबाखूवर पोसलेला. पहिला मोजा बघून लेक म्हणती, ‘पप्पा, ह्यो बाळ पहिलीत गेलं की घालू.’ मग मंडळीच्या अंगठ्याचं माप घेतलं. लगीन हुऊन इतकी वर्सं झाली, तिचा अंगठा एवढा बारका हाय हे मला आत्ता कळलं.

कट्ट्यावर बातमी गेली. धनपाल, माझा दोस्त, शाळंपास्नंचा, त्यो आख्ख्या कट्ट्याला ऐकू जाईल असं वराडला, ‘काय बाळासो, लाल मातीतला गडी तू, आता काय लंगोट विणतोस व्हय रं?’ हसली सगळी. हसू द्या. दुसऱ्या दिवशी ह्योच धनपाल गुपचूप घरी आला, शर्टाच्या आत हिरव्या लोकरीचा गुंडा घिऊन. म्हणतोय, ‘बायकोच्या पिशवीत हुता, घे. पण कट्ट्यावर बोलू नकोस.’ घेतला. हिरवा मोजा असा झकास झाला म्हणता! आन दुसरा? घोट्यापर्यंत आला आन लोकर खलास. पहिल्याला पुरती, दुसऱ्याला सरती!

मग आमच्या राजारामपुरीच्या अपार्टमेंटमधी दारोदार हिंडलो. ‘वैनी, उरलेली लोकर हाय का?’ म्हणून. दुसऱ्या मजल्यावरची वर्षाराणी दार किलकिलं करून म्हणती, ‘काका, घरी सगळं ठीक हाय न्हवं? काकू कुठायत?’ तिला वाटलं ह्यांचं डोकं सरकलं! पण दिली, निळी दिली, लेकाच्या टोपीतली. कुणी लाल दिली, दारावरच्या तोरणातली. कुणी गुलाबी दिली, गणपतीच्या मखराची. सगळी कशी? एका मोज्याची! लाल एक, निळा एक, गुलाबी एक, हिरवा एक, पिशवी भरली पावणं, आन जोडी एक न्हाय! लेक पोट धरून हसती, ‘पप्पा, बाळाला पाय किती असणार हायत असं तुम्हाला डॉक्टरनी सांगितलंय?’

आता तुम्ही म्हणाल, एका पायात लाल घाला, एका पायात निळा. मंडळीबी तेच म्हणती, ‘बाळ काय आरशात बघणार हाय?’ बाळ बघत न्हाय ओ, विहीणबाई बघत्यात! जयसिंगपूरच्या. बोलायला गोड, पण बोलण्यात सुई. ओटी भरायच्या कार्यक्रमाला आल्या, पिशवी उघडली, एकेक मोजा बाहीर काढून मांडीवर ठेवला, सगळं मांडून झाल्यावर म्हणत्यात, ‘छान हायत. ह्यांच्या जोडीचं कपाटात ठेवल्यात व्हय?’ …ह्यांच्या जोडीचं! माझ्या तोंडात त्या वक्ताला तंबाखू असती तर मी गिळली असती. त्या दिवशी ठरीवलं, बाळाच्या पायात पहिली जोडी जाईल ती एका लोकरीची, एका रंगाची, आन माझ्या हातची. म्हणजे मग लेक काय मला लांब उभा करत न्हाय. तंबाखू सुटली ह्याचा पुरावा हाय ह्यो मोजा! रिकाम्या हाताला कोण इस्वास ठेवतंय?

आन मग ट्रंकेच्या तळाला ही खाकी सापडली. निशिगंधा जन्मली त्या वर्साची. पहाटंची पहिली गाडी असायची माझ्याकडं, खिडकीतनं वारं असं कानात शिरायचं, म्हणून मंडळीनं पायानं पाळणा हलवत दोन्ही हातांनी मफलर विणला हुता मला. ह्योच, ह्यो गळ्यातला. त्यातली उरलेली लोकर. लेकीच्या पाळण्याजवळची लोकर लेकीच्या बाळाच्या पायात… आता ह्यापेक्षा चांगलं काय असतंय, सांगा की! गुंडा बघितला, मनात म्हणलं ही पुरती. पुरतीच. पहिला मोजा आरामात झाला. आन दुसरा… बघताय न्हवं. वीतभर. पहिल्याला पुरती, दुसऱ्याला…

थांबा!

अवो पावणं… ह्या खाकीची आई माझ्या गळ्यात हाय की! मफलर! एकच लोकर, एकच रंग, आन मी मुडद्यागत वीतभर तुकड्याकडं बघत बसलोय! धरा, हे टोक धरा. मंडळी आत लेकीजवळ हाय तवर उसवून घेतो, बाहीर आली तर माझा गळाच उसवील. वढा. वढा की, भिताय काय! …कसं सुरसुर उसवतंय बघा, बत्तीस वर्सांचा मफलर… आटतंय म्हणून एकदाबी धुवायला दिला न्हाय मी ह्यो. इंजिनाजवळ वाळायचा, उशाला घ्यायचो, टोकात पुडी बांधून ठेवायचो, लई कामाचा मफलर. का शिंकलात? गारठा बाधला असंल, डिसेंबर हाय.

आता गाठ मारायची न्हाय बरं का, गाठ बाळाला टोचती. दोन्ही टोकं तळव्यात घ्यायची, पाण्याचा थेंब टाकायचा, आन अंगठ्यानं… मळायची. अशी. अशी. एकजीव हुत्यात. …बघा की ओ, त्योच तळवा, त्योच अंगठा. थापटीबी मारली मी, सवयीनं. किती दिसांनी हाताला बरं वाटलं म्हणून सांगू!

आल्या बघा विहीणबाई. जावईबी आलं. ‘या, या, बसा. न्हाय, अजून काय न्हाय. प्रवास कसा झाला? व्हय, मोजाच हाय. दुसरा. व्हय, जोडीचा.’ …बघितलं? भुवई वर गेली. जाऊ दे. चार वळी ऱ्हायल्यात.

पावणं, कानात सांगतो, भ्या वाटतंय ओ. गच्च भरलेली गाडी घाटातनं उतरवली, कधी पाय थरथरला न्हाय, आन आता ह्या बंद दाराकडं बघितलं की टाकं मोजायचं इसरतोय. विणतोय म्हणून बसलोय हितं. विणायचं थांबलो तर त्या दाराला जाऊन धडका मारीन. माझी एकुलती एक पोरगी हाय आत. मोजा-बिजा सगळं सोडा… ती सुटू दे फकस्त. दोन टाकं. एक. झाला! झाला पावणं! जोडी! हे बघा, हा पहिला, हा दुसरा, सांगा ह्यातला कुठला कुठला, न्हाय सांगता येत न्हवं?

‘निशिगंधाचं कोण हाय?’ मी! मी हाय बाई! काय? …मुलगी? आन लेक? लेक कशी हाय? …दोघी बऱ्या हायत! पावणं, दोघी बऱ्या हायत! सुटली माझी पोरगी! रडतोय, मग, रडू नको व्हय? धरा हे बाई, मोजं धरा, जोडी हाय, आजानं विणलीय म्हणून सांगा, विहीणबाई बघा, जोडी!

…

गेली नर्सबाई. आता बोलावतील बघा मला. पहिलं मलाच बोलावतील.

…

ही आली. ‘आजोबा, ह्यो एक मोजा परत दिलाय. पेशंट म्हणती, ह्याला तंबाखूचा वास येतोय. आन म्हणती, पप्पांना सांगा, लांबनंच बघायचं.’

अवो!! न्हाय ओ! बाई, गणपतीपास्नं शिवलो न्हाय! देवाशपथ! ह्या पावण्यास्नी विचारा, ह्यांनी डोळ्याम्होरं पुडी काढली तरी… पावणं, सांगा की! तुम्ही का मान खाली घालताय? वास घ्या म्हणता, बाई? घेतो की… मला तर काय येत न्हाय. विहीणबाई, तुम्ही नाकाला पदर लावू नका, पाया पडतो… ह्यो मफलर, ह्याच्यात बत्तीस वर्सं… मी न्हाय खाल्ली बाई, मफलरनं खाल्लीय!

तेवढ्यात आमची मंडळी दारातनं बाहीर. गळ्यातल्या अर्ध्या मफलरकडं बघितलं. हातातल्या मोज्याकडं बघितलं. म्हणली, ‘हात दावा.’ सगळ्यांच्या देखत! पोरं परत मोबाईल काढाय लागली. दावलं. तिनं माझा डावा तळवा नाकाशी धरला, वास घेतला, परत घेतला, आन आत तोंड करून वराडली, ‘निशे! हात चांगला हाय! नुसता लोकरीचा वास हाय!’

…

श्शू. हळू बोला आता. सरका जरा, धक्का लागंल. ही बघा, नर्सबाईनं हितं बाकड्यावर माझ्या हातात आणून दिली. एवढी. आमच्या मंडळीसारखं कपाळ हाय न्हवं? एका पायात मोजा हाय, दिसतोय? बरोब्बर बसलाय. आन ह्यो दुसरा पाय उघडा, रंगीत मोजं घरी ऱ्हायलं, गार लागत हुता ओ, म्हणून डाव्या मुठीत धरलाय. अख्खा पाय तळव्यात मावतोय, बघा. आन अंगठा आपला फिरतोय तिच्या टाचंवर… सवय हाय त्याला. पण ती काय म्हणत न्हाय. झोपलीय.

जावई गेल्यात नवी लोकर आणायला. आता चालतंय, बाळ आलंय. आतनं हुकूम सुटलाय, ‘दुसरा मोजा हुईस्तवर पप्पांनी पाय सोडायचा न्हाय.’ लई येळ झाला जावयास्नी जाऊन. लोकर आणाय गेल्यात का मेंढरं हुडकाय, देव जाणे. आणली तरी विणायला माझं हात कुठं मोकळं हायत? एक हात बाळाखाली, एक पायाला. आन मघापास्नं नाकाला ही खाज सुटलीय… पावणं, तेवढं माझं नाक जरा खाजवता का?

थांबा. तुमचं हात तंबाखूचं न्हवं? मग ऱ्हाऊ द्या. खाजू दे.